मानस उघडी, गटार बंद: तिसवाडीतल्या एका तळ्याचं प्रकरण

गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यात, पणजीहून दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल असं हे तळं. तिन्ही बाजूंनी उतार, चौथ्या बाजूला चिऱ्यांचा आणि मातीचा बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं फळ्यांचं दार, मानशीखाली शेतं, शेतांच्या पुढे खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, आणि मग खाडी. आकार पाच हेक्टरांच्या आत. तळं कोमुनिदादीचं, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं, खालची शेतं कुळांची, वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, आता बिल्डरांचा आणि फ्लॅटमालकांचा. तळ्याचं आणि वाड्याचं नाव मुद्दामच देत नाही. तक्रारी अजून दोन खात्यांकडे पडून आहेत, आणि ज्यांच्याविरुद्ध त्या आहेत ते शेजारीच राहतात. तिसवाडीतला माणूस ओळखायचं ते ओळखेल.

प्रकरणाची सुरुवात एका प्रस्तावाने झाली. त्या वर्षी मार्चमध्ये पाणी गर्द हिरवं झालं, एप्रिलच्या सुरुवातीला मेलेली मासळी काठाला लागली, आणि पंचायतीसमोर ‘सुशोभीकरणा’चा आराखडा आला. काठाने पेव्हरची वाट, रेलिंग, सोलर दिवे, बाकडी, मध्ये कारंजं, आणि काठ ढासळू नये म्हणून सभोवार दगडी भिंत. आराखड्याच्या पहिल्याच वाक्यात उद्देश लिहिला होता: तळ्याचं प्रदूषण रोखणे. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे मत मागितलं गेलं. त्या समितीवर मी आहे, म्हणून हे लिहितो आहे.

भिंतीने प्रदूषण कसं रोखलं जाणार, हे विचारल्यावर उत्तर मिळालं की लोक कचरा टाकणार नाहीत. कचरा टाकणारे होतेच, नाही असं नाही. पण काठावरचा सगळा कचरा एका रविवारी शाळेच्या मुलांनी वीसेक पोत्यांत भरला, आणि तळं हिरवं ते हिरवंच राहिलं. मग चतुर्थीच्या विसर्जनावर बोट ठेवलं गेलं. त्यावर तर ग्रामसभेत तासभर भांडण झालं. वर्षातून दोन-चार दिवस बुडणाऱ्या चिकणमातीच्या मूर्तींवर तासभर, आणि वर्षभर वाहणाऱ्या गटारावर पाच मिनिटंसुद्धा नाहीत. गावाचा वेळ कुठे जातो याची ही चांगली नोंद आहे.

पावसात वर चालत जाणं

समितीचं पहिलं काम इतकं सोपं होतं की कोणी ते केलंच नव्हतं. पाऊस पडत असताना तळ्यापासून वर चालत जायचं आणि पाणी कुठून येतं ते पाहायचं. त्याआधी सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या उंचीच्या रेषा आणि इस्रोच्या ‘भुवन’वरची चित्रं घेऊन पाणलोटाची हद्द कागदावर काढली होती. पावसात गेल्यावर लक्षात आलं की कागदावरची हद्द आणि पाण्याची हद्द एक नाही. सड्याच्या पलीकडच्या उतारावर पडणारं बरंच पाणी नव्या रस्त्याच्या गटारातून अलीकडे येत होतं. डोंगराच्या माथ्यापेक्षा रस्त्याचा ठेकेदार जास्त ताकदवान ठरला होता. तळ्याचं पाणलोट वाढलं, आणि वाढलेला भाग नेमका सगळ्यात घाण होता.

तळ्यात पाणी चार ठिकाणांहून येतं. एक मूळ व्हाळ, काजूच्या बागेतून आणि करवंदीच्या जाळ्यांतून उतरणारा. भर पावसातही त्याचं पाणी चहाच्या रंगाचं, पण तळ दिसेल इतपत नितळ होतं. दुसरं रस्त्याचं काँक्रीटचं गटार, रस्त्याखालच्या मोरीतून थेट तळ्यात. तिसरा एका गृहसंकुलाचा पावसाळी पाण्याचा पाइप. चौथं, डोंगर कापून प्लॉट पाडलेल्या जागेवरून येणारं पाणी, ज्याला कसलाच मार्ग नव्हता. ते मिळेल तिथून उतरत होतं.

मोरीपाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे राहिलो. मान्सूनपूर्व पावसाची पहिली मोठी सर होती. आधी आलं ते काळं पाणी: टायरची धूळ, वर ऑइलचा सप्तरंगी तवंग, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल. मग फेस. वरच्या वळणावर गाड्या धुण्याचं दुकान आहे, त्याच्या शेजारी चिकनचं दुकान. फेसाबरोबर पिसं आली तेव्हा आणखी विचारायची गरज उरली नाही. दर दहा मिनिटांनी एक बाटली भरायची असं ठरवलं होतं. तास-सव्वातासाने पाणी नुसतं गढूळ येऊ लागलं, वास गेला. त्या बाटल्या क्रमाने लावून पुढच्या ग्रामसभेत टेबलावर ठेवल्या. पहिली जवळजवळ डांबरी, शेवटची फिकट तांबडी. इतक्या अहवालांनी जे झालं नसतं ते त्या ओळीने केलं. लोक उठून जवळ येऊन पाहू लागले, आणि एका पंचाने पहिली बाटली उघडून वास घेतला.

गोव्यात नोव्हेंबर ते मे जवळजवळ कोरडे जातात. सहा-सात महिने रस्त्यावर, छपरांवर, अंगणांत जे साचतं ते पहिल्या एक-दोन सरी एकदम धुऊन खाली आणतात. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आपण पाण्याला ‘भरपूर’ म्हणून सोडून देतो. घाण त्यात पातळ होऊन जाईल असं धरतो. पण तळ्याला जो मार बसतो तो एकूण पावसाने बसत नाही, या पहिल्या पाण्याने बसतो.

गृहसंकुलाच्या पाइपाशी वेगळाच प्रकार. पाइप पावसाळी पाण्याचा, पण पाऊस थांबल्यावर दोन तासांनीही तो वाहत होता, आणि पाणी कोमट होतं. संकुलाला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, त्याचा फलकही आहे. व्यवस्थापकाने प्रामाणिकपणे सांगितलं की वीजबिल परवडत नाही म्हणून ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, रात्रीचाच चालतो. आजूबाजूच्या जुन्या बंगल्यांना सेप्टिक टँक आणि सोकपिट, म्हणजे शोषखड्डा. सोकपिट उन्हाळ्यात काम करतो. जुलैत जांभ्याचा डोंगर पाण्याने तुडुंब भरला की त्याला शोषायला जागाच राहत नाही आणि टँकमधलं पाणी अंगणातून गटारात येतं. टँक दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो हे बहुतेकांना तो भरून वर आल्यावर कळतं. आणि उपसून नेणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो, हे रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही विचारा.

सड्याचं गणित

हा सडा जांभ्याचा. वर कडक कवच, त्याच्या खाली भोकाभोकांचा दगड, आणि त्याच्याही खाली शेडी, म्हणजे पांढरट-पिवळी चिकण माती. पाऊस कवचाच्या भेगांतून आत जिरतो, शेडीवर अडतो आणि पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येतो. आमच्या तळ्याला जानेवारीतही पाणी असायचं ते या झरींमुळे. वरचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो म्हणून त्याला ‘पडीक’ म्हणायची सवय आपल्याला लागली. तळ्याची टाकी खरं तर तोच.

एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ लाख लिटर पाणी होतं. झाडोरा असलेल्या जमिनीवरून त्यातलं साधारण पाव वाहून जातं असं अभियंते धरतात, बाकीचं जिरतं किंवा अडतं. म्हणजे सव्वा लाख लिटर. त्याच हेक्टरावर छप्परं, पेव्हर आणि डांबर आलं की नव्वद टक्के वाहतं: साडेचार लाख लिटर, आणि तेही तासाभरात. म्हणजे पावसाळ्यात तळ्याला नको तेवढं पाणी, नको त्या वेगाने. आणि उन्हाळ्यात झरी आटलेल्या. या एका हिशोबावर सुशोभीकरणाचे समर्थकही गप्प झाले, कारण त्यातल्या दोघांच्या विहिरी गेली काही वर्षं एप्रिलमध्येच तळ दाखवत होत्या.

डोंगरकापणीच्या जागेवरून येणाऱ्या पाण्यात शेडी असते. ती इतकी बारीक की बाटलीत दोन दिवस बसत नाही. तळ्यात ती सूर्यप्रकाश अडवते, माशांच्या कल्ल्यांत जाते, आणि सोबत फॉस्फरस घेऊन येते. फॉस्फरस हा या गोष्टीतला खरा खलनायक. तो साबणातून येतो, मैल्यातून येतो, लॉनला घातलेल्या खतातून येतो. साधारण एक ग्रॅम फॉस्फरसवर अर्धा किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, असा तळ्यांवर काम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तळं हिरवं का होतं, याचं उत्तर एवढंच.

दुपारचा नमुना

खात्याने तक्रारीनंतर पाण्याचा नमुना नेला. अहवाल आला की विरघळलेला ऑक्सिजन उत्तम. आंघोळीच्या पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम लागतो. आमच्या तळ्यात त्याहून कितीतरी जास्त. अहवाल खोटा नव्हता. नमुना दुपारी साडेबाराला घेतला होता.

शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच वापरतं. त्यामुळे जितकं तळं बिघडलेलं, तितका दुपारचा आकडा देखणा. आम्ही मत्स्यपालकांकडचं साधं रंगाचं किट घेतलं आणि पहाटे उजाडायच्या आत बांधावरून पाणी भरलं. काचेच्या नळीत थेंब टाकले की पाण्याचा रंग बदलतो आणि तो कार्डावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा असतो. दुपारी तो कार्डाच्या एका टोकाला जाई, पहाटे दुसऱ्या. मासे मरतात ते त्या पहाटेच्या टोकाला. एवढं दाखवल्यावर संबंधित कनिष्ठ अभियंत्याने पुढचा नमुना सकाळी सहाला घ्यायचं मान्य केलं, आणि आला सुद्धा. सरकारी माणसाबद्दल वाईट लिहिण्याची सोय असताना हे लिहायला हवं.

मानशीचं जुनं वेळापत्रक

इथवर प्रकरण गोव्यातल्याच काय, कुठल्याही उपनगरी तळ्याचं असू शकलं असतं. आमच्या तळ्याला वेगळं वळण मिळालं ते टेनंट असोसिएशनच्या, म्हणजे कुळांच्या संघटनेच्या, एका वयस्क सदस्यामुळे. बाटल्यांची ओळ बघून ते म्हणाले, हे पाणी तर आम्ही कधी तळ्यात ठेवतच नसू.

त्यांनी सांगितलेलं वेळापत्रक असं. पावसाळा सरताना मानशीच्या फळ्या पुऱ्या घालायच्या, तळं काठोकाठ. डिसेंबरपासून एकेक फळी काढत वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताला पाणी. एप्रिल-मेपर्यंत तळं उथळ. मग मासळीची पावणी (लिलाव), उरलेलं पाणी सोडून देणं, आणि तळ उघडा. तळाचा गाळ लोक बैलगाडीने, पुढे टेम्पोने, शेतात आणि माडांच्या मुळांत नेत. मानस उघडीच. जूनचं पहिलं पाणी तळ्यातून सरळ वाहून जाई. ते ‘निवळलं’ की मग फळ्या.

करमळीचं तळं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. सुमारे ७० हेक्टरांचं ते तळंही कोणा निसर्गाने केलेलं नाही. बांध घालून, मानस बसवून, खालच्या भातशेतीसाठी बनवलेलं आहे. कोकण रेल्वेने करमळी स्टेशनवर उतरणारे पक्षीनिरीक्षक अडई आणि जांभळ्या पाणकोंबड्या बघायला दुर्बीण लावतात, त्या पक्ष्यांनाही तिथे आणलं ते भातशेतीने. कुडचड्याचं नंदा तळं, ४२ हेक्टरांचं, २०२२ मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. त्याचं पाणीही खालच्या भाताला जातं. गोव्यात तळं आणि शेत ही एकाच यंत्राची दोन टोकं आहेत, आणि मानस हा त्या यंत्राचा खटका.

आमच्याकडे खटका अडकून पडला होता. वायंगण परवडेना, मजूर मिळेनात, पोरं नोकरीला गेली, म्हणून पाणी सोडायचं कारण संपलं. मासळीच्या ठेकेदाराला बारमाही पाणी हवं. सड्यावरच्या फ्लॅटांच्या जाहिरातीत तळं दिसतं, म्हणून खिडकीतूनही पाणी दिसलं पाहिजे. फळ्या सात-आठ वर्षं हललेल्या नव्हत्या, चौकटीच्या खाचेत चिकटून फुगलेल्या. म्हणजे दर वर्षीची पहिली काळी बाटली तळ्यातच राहत होती, आणि तळाचा गाळ कोणी काढत नव्हतं.

याचा रसायनशास्त्राशीही संबंध आहे. आमच्या मातीत लोह भरपूर. ऑक्सिजन असेल तोवर हे लोह फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं. पण वर्षभर साचलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ कुजून ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं, पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे उद्या सगळी गटारं बंद केली तरी तळाशी साठलेल्या भांडवलावर तळं आणखी काही वर्षं हिरवं होत राहणार. उन्हाळ्यात तळ उघडा टाकणं आणि गाळ उचलून शेतात नेणं, या दोन कृतींनी जुने लोक ते भांडवल दर वर्षी काढून घेत होते. त्यांना फॉस्फरस माहीत नव्हता. भात कुठे चांगलं येतं ते माहीत होतं.

मग झालं असं की आम्ही उत्साहाने मानस उघडायचा ठराव मांडला आणि खालच्या शेतकऱ्यांनीच तो अडवला. अजून सरद, म्हणजे पावसाळी भात, करणारी काही घरं आहेत. तरव्याचे, म्हणजे रोपांचे, वाफे जूनच्या सुरुवातीला तयार असतात, आणि त्यांच्यावर हे ऑइलचं पाणी येणार. त्यांच्यातली एक बाई उभी राहून म्हणाली, “पयलें उदक आमकां नाका. तुमचेंच सड्यावयलें, तुमीच दवरात.” (पहिलं पाणी आम्हाला नको. तुमच्याच सड्यावरचं, तुम्हीच ठेवा.) सभागृहात याला उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर होतं. आजोबांच्या काळच्या पहिल्या पाण्यात शेण आणि पालापाचोळा होता. आजच्या पाण्यात काय आहे ते टेबलावर ठेवलेलं होतं. जुनी पद्धत जशीच्या तशी आणली तर तळं वाचेल आणि शेत मरेल.

तडजोड दोन बैठकांत झाली. मेमध्ये तळं रिकामं करायचं, मानस उघडी ठेवायची, पण शेतांत वळणारी सगळी तोंडं त्या काळात बंद. पहिलं पाणी मुख्य पाटाने खाडीत. हे मला पटत नाही आणि कोणालाच पटू नये. घाण एका पाण्यातून दुसऱ्यात ढकलणं म्हणजे उपाय नव्हे, आणि खाडीतल्या तिसऱ्या-खुब्यांवर जगणारी माणसं आमच्या बैठकीत नव्हती. म्हणून मुदत घातली: दोन पावसाळे. तेवढ्यात वरचं काम झालं नाही तर मानस बंद आणि प्रकरण पुन्हा शून्यावर.

नियम काय म्हणतात

पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम वाचले की आधी धीर येतो. अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी, सगळ्याला मनाई. मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत कायमचं बांधकाम नाही, नावेचे धक्के सोडून. आमची नियोजित दगडी भिंत इथेच अडली असती.

पण व्याख्येत गोम आहे. सिंचनासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे आणि भातशेतं या नियमांच्या ‘पाणथळ’ व्याख्येत बसत नाहीत. गोव्यातलं जवळजवळ प्रत्येक तळं माणसाने, भातासाठी बांधलेलं. अक्षरशः वाचलं तर जे तळं आपल्या पूर्वजांनी शहाणपणाने बांधलं ते संरक्षणाबाहेर. व्यवहारात असं होऊ दिलेलं नाही. नंदा तळं, चिंबलचं तोयार तळं अधिसूचित झालेली आहेत, म्हणजे वाट आहे. राज्य पाणथळ प्राधिकरणाकडे आमचा अर्ज गेला तो याच उदाहरणांवर.

आमच्या दृष्टीने त्या नियमांतला सगळ्यात उपयोगी शब्दप्रयोग ‘प्रभाव क्षेत्र’ हा. पाणलोटाचा तो भाग, जिथल्या विकासकामांनी पाणथळीच्या प्रकृतीवर वाईट परिणाम होतो. म्हणजे ५० मीटरांच्या पट्ट्यापलीकडचा सडाही अधिसूचनेत घेता येतो आणि तिथे काय चालेल, काय नाही, याची यादी करता येते. अर्जाला आम्ही कागदावरची हद्द जोडली नाही; पावसात चालून काढलेली जोडली, रस्त्याच्या गटाराने ओढून आणलेल्या तुकड्यासकट. डोंगरकापणीसाठी वेगळी तक्रार नगरनियोजन खात्याकडे, नगरनियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली. तीही अजून पडून आहे.

प्रत्यक्षात काय झालं

दगडी भिंत रद्द झाली. पायथ्याच्या झरी बांधकामाने बुजल्या असत्या हे सरपंचांना पटलं, आणि कारंज्याच्या मोटरीचं बिल कोण भरणार हेही. वाट आणि बाकडी राहिली. राहू देत, लोक तळ्याकडे फिरायला आले तर पहाटे काय दिसतं ते त्यांनाही दिसेल.

रस्त्याचं गटार मोरीच्या आधी वळवून कोमुनिदादीच्या पडीक तुकड्यात गाळाचा खड्डा केला. दोन टप्पे: पहिल्यात पाणी थांबतं, जड गाळ बसतो, तोंडावरच्या जाळीला प्लास्टिक अडकतं, दुसरा उथळ, त्यात पाणकणीस आणि लव्हाळा लावला आहे. काँक्रीटचा पट्टा उखडून शेवटचे काही मीटर गवताचे केले, कडेला वाळा. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या (साबांखा) अभियंत्याला गवताचं गटार ही कल्पना सुरुवातीला अपमानास्पद वाटली होती. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा गुडघ्याएवढा भरला. तो सगळा ऐवज आधी तळ्यात जात होता.

गाड्या धुणाऱ्याने तेल अडवणारी टाकी बसवली. चिकनवाल्याने पिसं पंचायतीच्या गाडीत द्यायला सुरुवात केली, तीही परवाना नूतनीकरणाच्या वेळी. गृहसंकुलाचा ब्लोअर आता दिवसाही चालतो असं सांगतात. पाइपाचं पाणी कोमट लागत नाही एवढं मी हात लावून पाहिलं आहे. सोकपिटांचं काहीच झालेलं नाही. मैलावाहिनी येईपर्यंत होणार नाही, आणि ती कधी येणार हा पंचायतीच्या हातातला प्रश्न नव्हे. सेप्टिक टँक उपसल्याची पावती घरपट्टीसोबत मागायची, अशी सूचना आहे. तिच्यावर मतदान दोनदा पुढे ढकललं गेलं, कारण बहुतेक पंचांच्या घरी टँक आहेत.

मानस नवीन फळ्यांची झाली आणि मेमध्ये उघडली. तळ कितीतरी वर्षांनी सुकला, भेगा पडल्या. पण गाळ न्यायला चौघेच आले. सड्यावरची एक नर्सरी दोन ट्रक घेऊन गेली. उरलेला तिथेच आहे. गाळात जड धातू आहेत का ते तपासल्याशिवाय तो भातात घालू नये असं मी म्हटलं होतं आणि अजून म्हणतो. ऑइल आणि टायरची इतकी वर्षं त्यात बसली आहेत. त्यानंतरच्या मार्चमध्ये पाणी हिरवं झालं, पण आधीच्या मानाने उशिरा, आणि मासळी काठाला लागली नाही. एका वर्षावरून कोणी निष्कर्ष काढू नये. पाऊसही त्या वर्षी वेगळा होता.

आता घोडं अडलं आहे ते खड्ड्याच्या सफाईवर. भरलेला खड्डा म्हणजे नसलेला खड्डा. पहिल्या सरीआधी तो रिकामा हवा. कोमुनिदादीच्या अॅटर्नीने सुचवलं की मासळीच्या पावणीच्या अटींतच कलम घालावं: ठेकेदाराने मेच्या मध्यापर्यंत खड्डा उपसावा, नाहीतर अनामत जप्त. ठेकेदाराचं म्हणणं, खड्डा साबांखाचा, गाळ सड्यावरच्यांचा, मग मजुरी माझी का? त्याचं काही चूक नाही. मग सड्यावरच्या सोसायट्यांकडून वार्षिक वर्गणी मागितली. दोघींनी दिली. तिसरीने विचारलं, पावती कोणाच्या नावे? पंचायतीच्या हिशोबात ‘पाणलोट देखभाल’ असं शीर्षकच नाही. सध्या ते पैसे ‘इतर जमा’खाली आहेत, आणि लेखापरीक्षणाआधी त्यांना शीर्षक मिळावं म्हणून सचिवांनी गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं आहे.